बाहुली ठेक्याच्या पुढे का पळते?

प्रश्न : अभ्यासक्रमाच्या प्रकल्पासाठी आम्ही काही वर्गमित्र एका गाण्याचा व्हिडिओ तयार करत आहोत. गायिकेचे चित्रण सेकंदाला २५ फ्रेमने (म्हणजे २५ स्थिर चित्रांनी) झाले आहे, तर कागदी बाहुलीचे स्टॉप-मोशन (बाहुली थोडी थोडी हलवून एकेक छायाचित्र घेणे) सेकंदाला १२ छायाचित्रे असा हिशेब धरून टिपले आहे. गाण्याची लय मिनिटाला १२० ठोक्यांची आहे. छायाचित्रे सॉफ्टवेअरमध्ये १२ च्या गतीने आणली तेव्हा बाहुलीला दोन-दोन हात दिसू लागले. प्रत्येक छायाचित्र दोन फ्रेम ठेवून पाहिले, तर बाहुली ठेक्याच्या पुढे पळते. शिवाय गायिकेवरून बाहुलीवर जाताना खटका बसतो. सगळे पुन्हा टिपावे लागेल का?

उत्तर : पुन्हा टिपण्याची गरज नाही. दोन हात दिसतात, कारण १२ छायाचित्रे २५ फ्रेममध्ये बसवताना सॉफ्टवेअर शेजारची दोन चित्रे एकमेकांत मिसळते. हे फ्रेम ब्लेंडिंग बंद करावे आणि हालचाल गुळगुळीत करणारे इतर पर्यायही वापरू नयेत. बाहुलीची हालचाल तुटक असणे हा दोष नाही. ती हाताने एकेक चित्र हलवून घडवलेली आहे, हे प्रेक्षकाला दिसलेच पाहिजे.

ठेका सुटण्याचे कारण साध्या गणितात आहे. मिनिटाला १२० ठोके म्हणजे दर ठोक्याला अर्धा सेकंद, आणि तुमच्या हिशेबाने त्यात ६ छायाचित्रे येतात. प्रत्येक छायाचित्र दोन फ्रेम ठेवले की एका ठोक्याची हालचाल १२ फ्रेममध्ये, म्हणजे ०.४८ सेकंदात संपते. दर ठोक्याला ०.०२ सेकंदाची ही घाई साचत जाते आणि १२ सेकंदांत बाहुली गाण्याच्या पूर्ण एक ठोका पुढे जाते. यावर उपाय असा, की दर १२ छायाचित्रांपैकी ११ दोन फ्रेम ठेवावीत आणि एक तीन फ्रेम ठेवावे. म्हणजे २५ फ्रेम भरतात आणि दोन ठोके बरोबर एका सेकंदात बसतात. मधला ठोका अर्धी फ्रेम इकडेतिकडे पडेल, पण तेवढा फरक डोळ्याला जाणवत नाही. तिसरी फ्रेम कोठे द्यायची, हे मात्र स्वतः ठरवावे. सॉफ्टवेअरवर सोपवल्यास ती ऐन हालचालीत पडू शकते. तुम्ही ती बाहुलीचा हात पूर्ण वर गेल्यावर किंवा पाऊल टेकल्यावर दिली, तर तो थांबा तिच्या नाचाचाच भाग वाटेल. काम किचकट आहे, परंतु एडिटिंगमधली खरी गोडी मला अशाच ठिकाणी सापडली आहे.

खटक्याबाबत माझे मत स्पष्ट आहे : बाहुलीला गायिकेसारखी करू नका, गायिकेला बाहुलीकडे न्या. कटच्या, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर जाण्याच्या जागेच्या, आधीच्या एक-दोन सेकंदांत गायिकेच्या चित्रणातील एक फ्रेम सोडून एक फ्रेम काढून टाकावी आणि उरलेली प्रत्येक फ्रेम दुप्पट वेळ ठेवावी. शॉटची लांबी तीच राहते, त्यामुळे ओठ आणि शब्द यांचा मेळ सुटत नाही. चित्रणात जलद हालचाल पुसट होते, तर छायाचित्रांत प्रत्येक रेषा रेखीव असते. म्हणून कट शक्यतो गायिकेची हालचाल मंदावते तेथे घ्यावा, आणि तिचा हात ज्या दिशेने जात असेल त्याच दिशेने बाहुलीचा हात पुढे निघावा.

रंगांचे काम यानंतर करावे. प्रथम छायाचित्रांमधील उजेडाची लुकलुक डिफ्लिकरने, म्हणजे चित्राचित्रांतील उजेड सारखा करणाऱ्या साधनाने, कमी करावी. कॅमेऱ्याचे एक्सपोजर (किती उजेड घ्यायचा) आणि व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग कसा दिसावा) ऑटोवर राहिले असतील, तर ती असणारच. मग छायाचित्रांचा रंग चित्रणाशी जुळवावा आणि शेवटी दोन्हींवर एकच हलका ग्रेन, म्हणजे चित्रावरचा बारीक दाणेदारपणा, द्यावा. कागदाच्या कडांची बारीक थरथर मात्र तशीच राहू द्यावी. गायिकेवर उजवीकडून आणि बाहुलीवर डावीकडून प्रकाश पडत असेल, तर रंग कितीही जुळवले तरी ती विसंगती डोळ्यांना खुपत राहते. अशा वेळी बाहुलीचे शॉट आडवे उलटवून पाहावेत. कागदावर अक्षरे असतील तर हा उपाय चालणार नाही, आणि शॉट उलटवल्यावर हाताची दिशाही बदलते. त्यामुळे कट पक्के करण्यापूर्वीच हे तपासून घ्यावे.