जयसिंगपूरची नोकरी आणि राहायचं कुठं?

बाळा,

अनेक आशीर्वाद. बँकेच्या जयसिंगपूर शाखेत कृषी अधिकारी म्हणून रुजू होतेयस हे वाचून मन भरून आलं. आणि पत्राच्या शेवटी विचारलेला प्रश्न वाचून तर मी लगेच कागद ओढून बसले. "मॅडम, राहायचं कुठं, कोल्हापूरला की सांगलीला? सगळे कोल्हापूरच म्हणतायत."

म्हणणारच. परभणीत बसून पाहिलं की कोल्हापूरच मोठं दिसतं. अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा, चप्पल, तांबडा-पांढरा. सांगली म्हटलं की लोकांना हळद आठवते आणि पुढे गाडी अडते. मी दोन्ही गावांत मिळून २० वर्षं काढली, आधी ६ सांगलीत आणि मग १४ कोल्हापुरात. दोन्हीकडे बदलीनेच गेले, तुझ्यासारखीच परक्या मुलखातून. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी रस्ता. जयसिंगपूर कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात. पण तिथून सांगली जवळ. उदगाव गेलं, अंकलीचा कृष्णेवरचा पूल ओलांडला की सांगली जिल्हा लागतो आणि अर्ध्या तासात तू घरी. कोल्हापूरला जायला याच्या तिप्पट अंतर, हातकणंगले, शिरोली करत. रेल्वे आहे, जयसिंगपूरला स्टेशनही आहे, पण ती गाडी कोल्हापूर-मिरज मार्गावरची. सांगली त्या वाटेवर नाही, मिरजेच्या पलीकडे पुण्याच्या लाइनवर आहे. हे नकाशावर पटकन लक्षात येत नाही. मार्चअखेरीला शाखेतून रात्री नऊला बाहेर पडशील तेव्हा हे अंतर अंगाला कळेल.

पण केवळ अंतर मोजून घर करू नये. ज्या गावात आपण संध्याकाळी परततो, ते गाव परक्या माणसाला कसं घेतं ते बघावं.

कोल्हापूर हात धरून आत ओढतं. मी मंगळवार पेठेत जागा घेतली. सामान उतरवत होते तेवढ्यात समोरच्या वहिनी विचारायला आल्या, दूध कुठलं लावणार? तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने विचारलं, "मॅडम, आपली टीम कुठली?" मला आधी कळेचना. कोल्हापुरात फुटबॉल हा पेठेचा मामला आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ ही नावं तालमींची आणि मंडळांची, आणि त्यांचे सामने शाहू स्टेडियमवर भरतात तेव्हा अख्ख्या गल्ल्या रिकाम्या होतात. कुस्तीच्या तालमींतून फुटबॉलचे संघ निघावेत असं दुसरं गाव मला माहीत नाही. तू ज्या पेठेत राहशील त्या पेठेची होशील. तुला विचारलं जाणार नाही.

याचं मूळ जुनं आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली आपल्या संस्थानात मागास समाजांसाठी ५० टक्के नोकऱ्या राखून ठेवल्या, हे तू अभ्यासात वाचलंच असशील. पण गावात राहिल्यावर दिसतात ती त्यांनी उभी केलेली वसतिगृहं. वेगवेगळ्या जातिधर्मांच्या मुलांना शहरात येऊन शिकता यावं म्हणून काढलेली बोर्डिंगं आजही दसरा चौकाच्या आसपास आहेत. बाहेरून आलेल्या पोराला छप्पर द्यायचं, ही त्या गावाची शंभर वर्षांची सवय आहे. खासबागचं कुस्तीचं मैदान त्यांचंच, आणि शेजारचं नाट्यगृहही, जे पुढे गायक-नट केशवराव भोसल्यांच्या नावाने ओळखलं गेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. केशवरावांच्या जयंतीची ती आदली रात्र होती. त्या रात्री रस्त्यावर उभी राहून रडणारी माणसं मी पाहिली. त्यातल्या कितीतरी जणांनी तिथे कधी तिकीट काढून नाटक पाहिलं नसेल. पण ते त्यांचं होतं.

भाषेचंही सांगते, कारण पहिल्या आठवड्यात तू गोंधळशील. तिथल्या मुली "मी आलो", "मी जातो" असंच म्हणतात. "काय करालायस?" म्हणजे काय करते आहेस. आवाज चढा असतो, त्याला भांडण समजू नकोस. कर्जदार तुझ्या टेबलाशी येऊन मोठ्याने बोलेल, त्याच्या मनात काही नसतं. शिरोळ तालुक्यातही हाच सूर आहे, त्यामुळे राहिलीस कुठंही तरी हे कानाला लागणारच.

खाण्याचं तुला सगळ्यांनी सांगून झालंय. मिसळ पावाबरोबर नाही, स्लाइस ब्रेडबरोबर येते, आणि गंगावेशीत संध्याकाळी म्हशीचं धारोष्ण दूध समोर काढून देतात ते एकदा पी. एवढं पुरे.

आता या ओढीची दुसरी बाजू. कोल्हापूर एकटं राहू देत नाही. कोण आलं, कधी आलं, आज दिवा उशिरापर्यंत का जळत होता, हे सगळं विचारलं जातं. विचारणं मायेचंच असतं, पण विचारणं असतं. तू अबोल आहेस. प्रशिक्षणाच्या त्या पाच दिवसांत जेवणाच्या सुट्टीत तू खिडकीशी पुस्तक घेऊन बसायचीस, ते मी विसरलेले नाही.

सांगली असं ओढत नाही. ती शेजारी बसायला जागा करून देते आणि गप्प राहते. माझी तिथली पहिली दोन वर्षं अशीच गेली. शेजारी हसायचे, मान हलवायचे, दार लावून घ्यायचे. मला वाटायचं, कोरडं गाव आहे. ते किती चुकीचं होतं हे पुढे सांगते.

सांगली मुळात नव्या राजधानीचं गाव. १८०१ मध्ये चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन मिरजेतून वेगळे झाले आणि त्यांनी इथे आपलं संस्थान मांडलं. कृष्णेकाठचं गणपती मंदिर त्यांनीच बांधायला घेतलं. त्यांच्याच आश्रयाला असलेल्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' उभं केलं आणि मराठी रंगभूमी इथे जन्मली. म्हणून ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन. त्या दिवशी भावे नाट्यमंदिरात एखाद्या ज्येष्ठ रंगकर्मीला भावे गौरवपदक देतात. तू तिथे असलीस तर चुकवू नकोस. गाव त्या संध्याकाळी जरा नीट कपडे घालून बाहेर पडतं. वाचायला कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० सालचं, आणि सांगलीत नगर वाचनालय, १८६९ चं. सांगलीच्या वाचनालयाची २०१९ च्या पुरात फार पुस्तकं भिजून गेली. चिखलाचे गठ्ठे झाले होते. लोकांनी पुन्हा पुस्तकं आणून दिली. सभासद हो, पहिल्याच महिन्यात.

तुझ्या कामाच्या दृष्टीने तर सांगली शाळाच आहे. मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात तेव्हा सकाळी जा, सुट्टी टाकून जा. राजापुरी हळदीचे ढीग, व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतात, आणि बघता बघता भाव ठरतो. नदीकाठी हरिपूरला जमिनीत खोल पेवं असत. त्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुराचं पाणी त्या पेवांत शिरलं. तिथे एखादा म्हातारा शेतकरी भेटला तर त्याच्याकडून ते ऐक. तासगावकडे बेदाण्याचे सौदे आहेत, पलीकडे द्राक्षबागा. जयसिंगपुरात ऊस परिषद भरते, तिथे उसाच्या दराची मागणी ठरते आणि त्याच्यावर तुझ्या कर्जदारांचा पुढचा हंगाम बेतलेला असतो. गूळ बघायचा तर कोल्हापूरचं मार्केट यार्ड. कागदावर पीककर्ज देणारी अधिकारी आणि सौद्यात उभी राहिलेली अधिकारी यांच्यात फरक पडतो. शेतकऱ्याला तो पहिल्या वाक्यात कळतो.

आता पाण्याचं. हे नीट वाच, कारण घर शोधताना एजंट हे सांगत नाही.

दोन्ही गावांना महापूर माहीत आहे. २००५, २०१९, २०२१. पण पूर येण्याची तऱ्हा वेगळी. कोल्हापुरात पाऊस तुझ्या डोक्यावर कोसळत असतो. भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी फुगतात, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडतात आणि पंचगंगा पात्राबाहेर पडते. लोक राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारत राहतात. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. सांगलीत अनेकदा ऊन पडलेलं असतं आणि पाणी चढत असतं. ते कोयनेतून येतं, वारणेतून येतं. तिथे सगळं कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर मोजतात, ४० ला इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं. कोल्हापुरात त्याच दिवसांत ५५ च्या वर. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता.

२००५ मध्ये मी सांगलीत नदीकडच्या भागात तळमजल्यावर राहत होते. घरमालकाने जागा देताना पुराचं एका शब्दाने सांगितलं नव्हतं, आणि मला विचारायचं सुचलं नव्हतं. पहाटे पाणी उंबऱ्याशी आलं. तेव्हा ती मान हलवून दार लावणारी माणसं एकामागून एक आली. माझी ट्रंक, गॅस, गादी, आईचं देवघर त्यांनी तिसऱ्या मजल्यावर नेलं. एकाने माझ्या बँकेच्या फायली डोक्यावर धरून नेल्या, स्वतःच्या घरातलं धान्य खाली असताना. पाच दिवस आम्ही बारा माणसं दोन खोल्यांत होतो. त्यांतल्या तिघी आजही मला दिवाळीत फोन करतात. कोरडं गाव म्हणाले होते मी.

म्हणून सांगलीत घेतलीस तर विश्रामबागच्या बाजूला घे, विलिंग्डन कॉलेज, वालचंद कॉलेजच्या परिसरात. तो भाग उंच आहे. कोल्हापुरात घेतलीस तर राजारामपुरी, टाकाळा, मंगळवार पेठ. सुतारवाडा, दुधाळी, जयंती नाल्याच्या काठची जागा कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

आईंचं तू एकाच ओळीत लिहिलंस, पण मला ती ओळ सगळ्यात मोठी वाटली. त्यांना हृदयाच्या तपासण्यांसाठी दर महिन्याला न्यावं लागणार. मिरज ही दवाखान्यांची नगरी आहे. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तिथे रुग्णालय सुरू केलं आणि त्याच्याभोवती गावाचा तो धर्मच झाला. कर्नाटकातूनही रोगी येतात. विश्रामबागहून मिरज हाकेच्या अंतरावर आहे. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ पासून एकच महापालिका आहे. कोल्हापुरातही चांगले डॉक्टर आहेत, त्यात कमी नाही. पण तू जयसिंगपुरात असताना घरून फोन आला तर कुठं लवकर पोचशील, ते बघ. आईंना गाण्याची आवड असेल तर मिरजेत सतारमेकर गल्ली दाखव. भोपळ्यापासून तंबोरा कसा होतो ते बघत त्या तासभर बसतील.

तर माझं मत सरळ सांगते. पहिलं वर्ष सांगलीत काढ. विश्रामबागला, वरच्या मजल्यावर, आईंना घेऊन. आणि कोल्हापूर सोडू नकोस. नोव्हेंबरात अंबाबाईच्या किरणोत्सवाला जा. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन देवीच्या पायांपासून वर चढतात तेव्हा सगळा मंडप श्वास रोखून असतो. एखादा फुटबॉलचा सामना बघ. वर्षभराने तुला वाटलं की आपल्याला ती हाका मारणारी, चौकशा करणारी माणसं हवीत, तर खुशाल जा. तोवर तू त्या चौकशांना उत्तरं द्यायला तयार झालेली असशील. सांगलीत मात्र एक करावं लागेल. तिथे पहिलं दार तू वाजवायचंस. वाटीभर काहीतरी घेऊन शेजारी जा. दोन वर्षं मी गेले नाही, ती वर्षं वाया गेली.

जागा बघायला येशील तेव्हा आदल्या दिवशी नरसोबाच्या वाडीला जा. जयसिंगपूरहून जवळच आहे. सांगलीहून येणारी कृष्णा आणि कोल्हापूरहून येणारी पंचगंगा तिथे भेटतात. पावसाळ्यात पाणी देवळात शिरतं आणि पादुकांवरून वाहत दक्षिण दारातून बाहेर पडतं. त्या पाण्यात स्नानाला लोक गर्दी करतात, ज्यांच्या घरात तेच पाणी शिरायची भीती असते तेसुद्धा. तिथली बासुंदी आईंना थोडीच दे.

मग खोली बघ. भिंतीवर पुराची रेघ आहे का, रंग कुठून नवा मारलाय, ते हाताने चाचपून बघ. शेजाऱ्यांना विचार, २०१९ ला पाणी कुठवर होतं. डिपॉझिट देण्याआधी मला फोन कर. रात्री कितीही वाजता कर.

तुझी,
मॅडम