लिनक्सची बिल्ड द्या, पण आधी सेव्ह फाइल कुठे जाते ते बघा

तुमचा प्रश्न वाचला आणि २०२० मधला मीच आठवलो. एकट्याने केलेला गेम, घरी लिनक्स, आणि डोक्यात तुमचाच घोळ: स्टीमवर (वाल्व कंपनीचं गेमचं ऑनलाइन दुकान) लिनक्सची वेगळी बिल्ड (गेमची कंपाइल केलेली तयार प्रत) द्यावी की विंडोजचीच प्रोटॉनवर (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं वाल्वचं साधन) सोडून द्यावी, आणि लिनक्सवरच्या गेमना पुढे भवितव्य तरी आहे का. एक्स्पोर्ट वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडतो.

मी हौसेने वेगळी बिल्ड दिली होती. सी++ भाषेत, एसडीएल ही तयार लायब्ररी वापरून केलेला गेम, उबंटू १८.०४ या लिनक्सवर कंपाइल केलेला. काही महिने सगळं सुरळीत. मग लॅपटॉपवर उबंटू २०.०४ टाकलं, एक किरकोळ अपडेट चढवलं आणि झोपलो. सकाळी डेबियन १० हे दुसरं लिनक्स वापरणाऱ्यांच्या तक्रारी: गेम उघडतच नाही, टर्मिनलमध्ये एकच ओळ, जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.२९ सापडत नाही. कारण सांगायला लाज वाटते. उडीच्या गणितात एका ठिकाणी घातांकाचं साधं फंक्शन वापरलं होतं. त्याची नवी आवृत्ती २.२९ मध्ये आली, माझ्याकडे २.३१, त्यांच्याकडे २.२८. म्हणजे माझी बिल्ड मागत होती ते त्यांच्याकडे नव्हतंच.

इथे थांबून जुन्या सिस्टिमवर पुन्हा कंपाइल केलं असतं तर अर्ध्या दिवसाचं काम होतं. मी काय केलं? सगळ्यांना कळवलं, "स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन प्रोटॉन निवडा, चालेल." चाललं की! फक्त 'पुढे सुरू करा' हे बटण गायब. लिनक्सची बिल्ड सेव्ह (खेळ कुठवर आला त्याची फाइल) ठेवत होती होम फोल्डरमध्ये. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी स्वतःचा खोटा सी ड्राइव्ह बनवतो आणि तिथेच शोधतो. स्टीमच्या क्लाउड सेव्हमध्ये (सेव्हची इंटरनेटवरची प्रत) मी या दोन जागा जोडल्याच नव्हत्या. एका खेळाडूचा १४ तासांचा खेळ गेला. म्हणजे गेला नव्हता, फाइल जुन्या फोल्डरात सुखरूप होती, पण हे मला उमगायला चार दिवस लागले.

म्हणून माझं मत (मत आहे, नियम नाही, माझा गेम छोटा टूडी, ऑनलाइन खेळ आणि अँटीचीट (लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर) यातलं मला काही कळत नाही): स्वतः रोज लिनक्सवर खेळणार असाल तरच वेगळी बिल्ड द्या, आणि ती वाल्वच्या स्निपर कंटेनरमध्ये (ठरलेल्या लायब्रऱ्यांचं बंदिस्त लिनक्स) कंपाइल करा. तो डेबियन ११ वर बेतलेला आहे, तुमच्या लॅपटॉपवर काय आहे याने फरक पडत नाही. नाहीतर विंडोजची बिल्ड प्रोटॉनवर नीट तपासून द्या, त्यात कमीपणा काही नाही. "नेटिव्ह (खास लिनक्सची) बिल्ड नाही म्हणजे लिनक्सद्रोह" म्हणणारे तुमची बिल्ड सांभाळायला येत नाहीत.

भवितव्याचं म्हणाल तर २०१८ मध्ये प्रोटॉन आला, २०२२ मध्ये स्टीम डेक (वाल्वचं हातात धरून खेळायचं यंत्र), आणि डेक मुळात लिनक्सवरच चालतो. कित्येकांना आपण लिनक्सवर खेळतोय हे माहीतही नसतं. धाकधूक एवढीच की सगळा डोलारा वाल्व या एकाच कंपनीच्या मर्जीवर उभा आहे.

जाता जाता: डेकचा पडदा १२८० बाय ८००. मराठी मजकूर असेल तर अक्षर मोठं ठेवा, आणि अजून गोडो (गेम बनवायचं इंजिन) ३ वर असाल तर ४ वर या. ३ मध्ये जोडाक्षरं आणि वेलांट्या धड येत नाहीत.

आणि हो, त्या १४ तासवाल्याला मी फाइल शोधून दिली. त्याने आभार मानले. स्टीमवर त्याने दिलेला नापसंतीचा उलटा अंगठा मात्र अजून तसाच आहे.