एक्झामिनर म्हणतो, एकच गट निवडा

प्रश्न : आमच्या गंजरोधक लेपाचा अर्ज थेट अमेरिकी पेटंट ऑफिसात केला आहे. क्लेम (हक्क मागणारे मुद्दे) १ ते ८ लेपाचे, ९ ते १४ तो बनवण्याच्या पद्धतीचे. आता एक्झामिनरचं (अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याचं) रिस्ट्रिक्शन आलं आहे, म्हणजे हे दोन वेगळे शोध आहेत, तपासणीसाठी एक गट निवडा म्हणून. 'दोन्ही एकच शोध आहे' एवढं कळवलं तर भागेल का?
– एक वाचक, चाकण

उत्तर : नाही. हरकत घेतली तरी गट निवडावाच लागतो. निवड नसलेलं उत्तर अपुरं धरतात. मुदत २ महिने. फी भरून जास्तीत जास्त ६ महिन्यांपर्यंत. त्यानंतर अर्ज सोडून दिल्यात जमा.

'एकच शोध' हे शब्द तर टाळाच. दोन्ही गट वेगळे नाहीत अशी कबुली रेकॉर्डवर गेली, की एक गट आधीच ज्ञात असलेल्या माहितीमुळे नाकारला गेल्यावर तीच कबुली दुसऱ्याविरुद्ध वापरता येते.

हरकत घ्यायची तर एक्झामिनरच्या कारणावर बोट ठेवा. हाच लेप वेगळ्या पद्धतीने होतो, किंवा याच पद्धतीने वेगळी वस्तू होते, यांपैकी एक त्याला दाखवावं लागतं. शिवाय दोन्ही तपासणं हा गंभीर बोजा आहे, हेही. समजा, तुमची पद्धत फवारणीची आहे आणि त्याने बुडवण्याचं उदाहरण दिलं आहे. बुडवून क्लेममधली जाडी येतच नाही, हे पुराव्यानिशी मांडा. नुसतं 'आम्हाला मान्य नाही' लिहिलं तर ती हरकत न घेता केलेली निवड ठरते आणि पुढे पिटिशनचा, म्हणजे रिस्ट्रिक्शनचा फेरविचार वरिष्ठांकडे मागण्याचा, हक्क जातो. (पीसीटी या आंतरराष्ट्रीय अर्जामार्गे अमेरिकेत, म्हणजे नॅशनल स्टेजला, आलेल्या अर्जाला कसोटीच वेगळी, युनिटी ऑफ इन्व्हेन्शनची, म्हणजे शोधांच्या एकसंधतेची. तिथे एक्झामिनरकडूनही घोळ होतो.)

आमच्या मते भांडणापेक्षा निवड महत्त्वाची. लेप निवडा. ९ ते १४ रद्द करू नका, 'विथड्रॉन' (तूर्त तपासणीबाहेर) म्हणून ठेवा. क्लेम १ मध्ये दुरुस्ती केलीत की तीच मर्यादा ९ मध्येही घाला आणि तिथे 'विथड्रॉन – करंटली अमेंडेड' असा शेरा द्या. लेपाचे क्लेम मंजूर झाले आणि पद्धतीच्या क्लेममध्ये त्यांच्या सगळ्या मर्यादा असल्या, तर रिजॉइंडर, म्हणजे बाजूला ठेवलेले क्लेम पुन्हा तपासणीत घेणं, मागता येतो. इथेच बहुतेकांचं चुकतं: क्लेम १ अरुंद होत जातो, ९ जुनाच राहतो. पद्धत निवडली असती तर लेपाला ही सवलत नव्हती.

रिजॉइंडर नाही मिळाला तर पेटंट जारी होण्याआधी डिव्हिजनल (मूळ अर्जातून वेगळा काढलेला अर्ज) टाका. त्याला अमेरिकी पेटंट कायद्याच्या कलम १२१ मुळे डबल पेटंटिंगच्या (एकाच शोधाला दोन पेटंट मागितल्याच्या) हरकतीपासून संरक्षण मिळतं. मात्र त्यात नवा मजकूर घालून कंटिन्युएशन-इन-पार्ट (मूळ अर्जात नवी भर घातलेला अर्ज) केलात, तर ते संरक्षण गेलं.