'ड्राय' वाइन : कोरडी, सुकी की तुरट?

प्रश्न असा आला आहे : हंगेरीच्या टोकॉय भागातल्या 'फुरमिंट' या द्राक्षाच्या त्याच नावाच्या पांढऱ्या वाइनची माहिती मराठीत लिहायची आहे. तिथल्या 'ड्राय'ला कोरडी म्हणावे, सुकी म्हणावे की तुरट? मुळात पातळ पदार्थ कोरडा कसा असेल? आणि 'फूड पेअरिंग'ला, म्हणजे कोणत्या वाइनबरोबर काय खावे या जुळवणीला, मराठीत काय म्हणता येईल?

'तुरट' आधी बाजूला ठेवू. तुरटपणा येतो तो मुख्यतः द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून. पांढऱ्या वाइनसाठी बहुधा रस काढून साली लगेच वेगळ्या करतात, त्यामुळे तिच्यात तो फारसा नसतोच. फुरमिंटची ओळख तिचा आंबटपणा. शिवाय 'ड्राय'चा संबंध फक्त साखरेशी आहे. यीस्टने रसातली साखर जवळजवळ सगळी खाऊन तिचे अल्कोहोल केले, की वाइन ड्राय झाली. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे लिटरमागे 4 ग्रॅमपर्यंत साखर उरली तर हा शब्द लावता येतो. आम्लता पुरेशी असेल तर 9 ग्रॅमपर्यंतही.

आता कोरडी आणि सुकी. मराठीत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सहज बसत नाहीत. सुकणे ही क्रिया आहे. आधी ओल होती, ती उडून गेली : सुकी मासळी, सुके खोबरे. कोरडेपणा ही स्थिती आहे. काहीतरी हवे होते, ते नाही : कोरडी भाकरी, कोरडी चौकशी. भाकरी कोरडी म्हणतो तेव्हा तिच्यात पाणी नाही असे आपल्याला म्हणायचे नसते; सोबत कालवण नाही एवढेच म्हणायचे असते. कोरड्या चौकशीतही नसतो तो जिव्हाळा. मग गोडवा नसलेल्या वाइनला कोरडी म्हणण्यात मराठीला अडचण का यावी?

टोकॉयच्या बाबतीत तर हा भेद पाळायलाच हवा, कारण हंगेरियन भाषेतही तो आहे. ज्या गोड वाइनमुळे या भागाचे नाव झाले तिला 'ऑसू' म्हणतात, आणि ऑसू म्हणजेच सुकलेले. बोद्रोग आणि टिसा या नद्यांच्या संगमाकडे शरद ऋतूत धुके दाटते, पिकल्या द्राक्षांवर एक उपकारक बुरशी येते, सालीतून पाणी उडते, मणी सुरकुततात आणि आतली साखर घट्ट होते. या मण्यांपासून केलेल्या ऑसूत लिटरमागे किमान 120 ग्रॅम साखर असावी लागते. ड्राय वाइनच्या बाटलीवर मात्र 'सारॉझ' असे छापलेले असते. सारॉझ म्हणजे कोरडे. हवा, पाव, जमीन यांनाही हाच शब्द. (फेलसारॉझ म्हणजे निमकोरडी, एदेश म्हणजे गोड.) तेव्हा फुरमिंटला 'सुकी' म्हटले तर टोकॉय जाणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नेमकी विरुद्ध, म्हणजे गोड ऑसूची बाटली उभी राहील. ऑसूतही मुख्य द्राक्ष बहुधा फुरमिंटच असते, त्यामुळे नुसते 'फुरमिंट' लिहूनही भागणार नाही.

कोरडीबद्दल एक सावधगिरी. 'ड्राय डे'मुळे या शब्दाला दारूबंदीचा वास लागला आहे. पहिल्या उल्लेखात 'कोरडी, म्हणजे साखर जवळजवळ न उरलेली' असे लिहावे. पुढे नुसते 'कोरडी' चालेल.

'पेअरिंग'साठी मला फार आवडणारा एक शब्द आपल्याकडे आहे : कोरड्यास. "आज कोरड्यास काय केलंय?" असे सातारा-सोलापूरकडे सहज विचारतात. कोरड्या भाकरीला लावून खायचे ते कोरड्यास. पण तो भाकरीचा शब्द आहे, त्याला वाइनच्या दावणीला बांधू नये. 'चखणा'ही नको. चखणा म्हणजे पिताना मधूनमधून तोंडात टाकायचे खाणे. इथे तर आख्खे जेवण आहे. 'जोडी' चालेल, पण मराठीचे स्वतःचे क्रियापद त्याहून चांगले : 'कशाबरोबर छान लागते'.

आणि कोरडी फुरमिंट कशाबरोबर छान लागते? तिचा आंबटपणा स्निग्ध पदार्थांना कापतो, म्हणून पॅप्रिका आणि आंबट सायीच्या दाट रश्श्यातल्या कोंबडीबरोबर, म्हणजे चिर्केपॉप्रिकाशबरोबर, ती खुलते. बालाटोन सरोवरातल्या फोगॉश माशाच्या तळलेल्या तुकड्यांवर लिंबाचे काम तीच करते. हंसाच्या यकृताबरोबर मात्र ऑसूच घेतात. तिथे गोडवा लागतो.

तुमच्या मजकुरासाठी माझी सूचना : 'टोकॉयी फुरमिंट, कोरडी पांढरी वाइन. मासे, कोंबडी आणि सायीच्या रश्श्याबरोबर छान लागते.' 'टोकॉयी'तला शेवटचा ई तसाच राहू द्या. कोल्हापूरचे ते कोल्हापुरी, तसे टोकॉयचे ते टोकॉयी. हा प्रत्यय हंगेरियनमध्येही असाच लागतो.