आधी शेत, मग पाहुणा

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून मी अस्वस्थ झाले, आणि थोडी चिडलेही. आडवाटेच्या त्या शेतावर तू चार दिवस राहिलास, परतताना मालकांनी ‘कापणी उरकली की पुन्हा या’ असे म्हटले, आणि आता तुला प्रश्न पडला आहे की ते आपुलकीने म्हणाले की गिऱ्हाईक टिकवण्यासाठी. चार दिवसांत त्यांनी तुझ्या प्रश्नांना अर्धीमुर्धी उत्तरे दिली, एका रात्री जेवणाच्या टेबलावर तुला एकट्याला सोडून ते निघून गेले, मदतीचा हात पुढे केलास तर तो नाकारला, आणि गोठ्याच्या दाराशी तुझे बूट धुवायला लावले. यावरून तू असा निष्कर्ष काढलास की त्यांना माणसांची ओढ नसावी. एकांताचे मोल आणि हाताने काम करणाऱ्यांविषयीचा आदर या गोष्टी तुला समजावण्याची गरज नाही, म्हणून त्या सोडून देते आणि जे तुझ्या नजरेतून निसटले तेवढेच सांगते: ज्यांच्या घरी तू उतरला होतास ते आधी शेतकरी आहेत आणि मग यजमान.

हा माझा एकटीचा आग्रह नाही. इटलीत शेतावरच्या पाहुणचाराला ‘आग्रितुरिस्मो’ म्हणतात. त्यासाठी तिथे १९८५ साली राष्ट्रीय कायदा झाला आणि २००६ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. पण मूळ अट कायम राहिली, ती अशी की पाहुण्यांची सोय शेतीला जोडूनच असली पाहिजे आणि शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे. पाहुण्यांसाठी शेत सोडून देणाऱ्याला तो कायदा शेतकरी-यजमान मानत नाही. असे असताना तुझ्या यजमानांनी तुझ्याशी गप्पा मारण्यासाठी गोठा सोडला नाही, याची तक्रार तू कशी करू शकतोस?

ती रात्रच घे. तूच लिहिले आहेस की गाय विणार होती. वासरू जन्मले की पहिल्या काही तासांत त्याच्या पोटात चीक जावाच लागतो, कारण रोगांपासून संरक्षण देणारे जे घटक त्याला आईच्या चिकातून मिळतात ते शोषून घेण्याची त्याच्या आतड्याची क्षमता जन्मापासूनच उतरू लागते आणि साधारण एका दिवसात जवळजवळ संपते. ती वेळ हुकली तर दुसऱ्या दिवशी कितीही दूध पाजले तरी ते नुकसान भरून निघत नाही. अशा वेळी ते तुझ्यासमोर बसून शहरातल्या तुझ्या नोकरीची चौकशी करत राहिले असते, तर मला त्यांच्याविषयी आदर वाटला नसता, आणि मला खात्री आहे की नीट विचार केलास तर तुलाही वाटणार नाही.

मध्यरात्री ते हातात दिवा घेऊन कोठाराकडे जाताना तुला दिसले आणि त्यात तुला त्यांचे एकलकोंडेपण जाणवले, असे तू लिहितोस. मला मात्र त्यात गवत दिसते. पुरते न वाळलेले गवत रचून ठेवले की सूक्ष्मजीवांच्या क्रियेमुळे ते आतल्या आत तापू लागते, आणि रचल्यानंतर काही आठवड्यांनीही, बाहेरून ठिणगी न पडता, पेट घेऊ शकते. म्हणून जाणता शेतकरी गंजीच्या पोटात लांब दांड्याचा तापमापक खुपसून पाहतो, आणि पारा ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की झोप बाजूला ठेवून पुनःपुन्हा फेऱ्या मारतो. कापणीच्या दिवसांत पाऊस पडून गेल्याचे तुझ्याच पत्रात आहे. त्या माणसाला समजून घ्यायचे होते, तर सकाळी ‘रात्री बरे वाटत नव्हते का?’ असे विचारण्याऐवजी ‘गवत किती तापले आहे?’ असे विचारायला हवे होते. मग उत्तर अर्धवट आले नसते.

बुटांविषयी फार लिहीत नाही. २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकूत रोगाची साथ आली तेव्हा ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली, ग्रामीण भागातल्या पायवाटा बंद कराव्या लागल्या, आणि ज्या शेतांवर एकही जनावर आजारी नव्हते तिथलेही पाहुणे आटले. हा विषाणू बुटांच्या तळव्यांना आणि गाड्यांच्या चाकांना चिकटून एका शेतावरून दुसऱ्या शेतावर जातो. बूट धुवायला सांगणे म्हणजे तुझा अपमान असे वाटणे पोरकट आहे, एवढेच म्हणते.

मदतीचा हात त्यांनी का नाकारला, हा प्रश्न मात्र रास्त आहे. पाहुण्याने शेतात राबावे आणि त्या बदल्यात जेवण व निवारा घ्यावा, अशी पद्धतही जगात आहे. इंग्लंडमध्ये १९७१ साली सू कॉपार्ड यांनी सेंद्रिय शेतांसाठी तिची सुरुवात केली आणि आज ती अनेक देशांत चालते. पण तिथे दोन्ही बाजूंनी ते आधीच ठरलेले असते. तू पैसे देऊन राहिलास. तुला शिकवण्यात त्यांचा वेळ गेला असता, आणि तुला इजा झाली असती तर जबाबदारी त्यांच्यावर आली असती. शेतावरचे काम मागून मिळत नाही. तू कामाच्या आड येत नाहीस हे पुरेसे दिसले की एखाद्या दिवशी ते आपण होऊन तुझ्या हाती दिले जाते.

हे मी ज्या शेतावर शिकले, तिथली मालकीण फळबागेची होती. सुरुवातीच्या मुक्कामांत ती माझ्याशी हवामानापलीकडे काही बोलल्याचे मला आठवत नाही. पुढे एका हिवाळ्यात, छाटणी चालू असताना, तिने मला शिडी धरायला सांगितले, आणि फांद्यांवरची नजर न हलवता ती आपल्या भावाविषयी, बागेवरच्या कर्जाविषयी आणि मुलांनी ही जमीन करावी की नाही या तिच्या मनातल्या घालमेलीविषयी बोलत राहिली. समोरासमोर बसून विचारले असते तर यातले एक वाक्यही मला मिळाले नसते. घरच्यांनी मला अनेकदा दोष दिला की सुट्टी मिळाली की मी त्याच एका बागेत जाते, जगात पाहण्यासारखे दुसरे काही नाही का. मी ते ऐकले नाही, आणि आजही मला वाटते की बरोबर केले. त्यामुळे काही देश पाहायचे राहिले. पण एका माणसाचे वर्ष मी मोहरापासून पानगळीपर्यंत पाहिले. वयोमानाने तिने बाग विकली तेव्हाच्या शेवटच्या तोडणीला मात्र मला पोचता आले नाही, आणि ती रुखरुख अजून गेलेली नाही. तुझ्या पत्रावर मी इतकी तळमळून का लिहिते आहे, हे यावरून तुला कळेल.

जपानमधल्या ओइता प्रांतात आजिमु नावाचे गाव आहे. तिथली शेतकरी कुटुंबे १९९६ सालापासून आपल्या राहत्या घरांत पाहुणे उतरवून घेत आली आहेत. एकदा राहिलेला पाहुणा दूरचा नातेवाईक आणि दहादा राहिलेला खरा नातेवाईक, असे तिथे म्हणतात. यातला दहाचा आकडा मला मोलाचा वाटतो. पहिल्या मुक्कामात जिव्हाळा निर्माण व्हावा अशी अपेक्षा त्या लोकांनी ठेवलीच नाही. तू मात्र चार दिवसांत त्याचा हिशेब मागतो आहेस.

तेव्हा ‘आपुलकी की धंदा’ हा प्रश्न सोडून दे. पाहुण्यांकडून येणारा पैसा त्या गोठ्याला हवा आहे, आणि तरीही तू परत यावेस असे त्यांना मनापासून वाटू शकते. या दोन गोष्टी एकाच माणसात नांदतात. पुढच्या सुट्टीसाठी तू सात नव्या ठिकाणांची यादी केली आहेस, ती बाजूला ठेव आणि तिथेच जा. जाहीर अभिप्राय इतक्यात लिहू नकोस. ‘मालक अबोल आहेत’ हे तुझे वाक्य वाचून उद्या येणारा पाहुणाही त्यांच्याकडे त्याच नजरेने पाहील. लिहायचेच असेल तर रस्ता कसा आहे, खोली कशी आहे, धार काढायची वेळ कोणती, एवढेच लिही, म्हणजे येणारा निदान त्या वेळेला दार ठोठावणार नाही.

आणि त्यांना फोन कर, पण संध्याकाळची धार उरकल्यानंतर. आधी वासराची चौकशी कर, गवताची कर. मग कापणी केव्हा संपते आहे ते विचार आणि यायचा दिवस त्यांनाच ठरवू दे. त्यांनी सांगितलेले दिवस तुझ्या सुट्टीशी जुळत नसतील, तर सुट्टी बदलून घे.

तुझी हितचिंतक