क्लिनिकल सायकॉलॉजी की न्यूरोसायन्स?

प्रश्न : मी मानसशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सायकोसिसच्या (भास, संशय यांमुळे वास्तवाचं भान सुटण्याच्या आजाराच्या) रुग्णांवर बोलण्यातून उपचार केले की मेंदूत काय बदलतं, यावर संशोधन करायचंय. घरचे म्हणतात, ते डॉक्टरांचं काम. शिवाय माझं गणित जेमतेम आहे. पुढे क्लिनिकल सायकॉलॉजी (मानसिक आजारांवर उपचार करणारी शाखा) घेऊ की न्यूरोसायन्स (मेंदूविज्ञान)?

उत्तर : त्यासाठी डॉक्टर व्हावं लागत नाही. या विषयात मानसशास्त्रज्ञांनी मोलाचं काम केलंय. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांचा 2017 मधला अभ्यास मिळवून वाच. त्यात औषधांच्या जोडीला सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्यातून होणारी थेरपी, घेणारे 15 जण होते आणि नुसती औषधं घेणारे 7. भीती, राग दाखवणारे चेहरे बघताना त्यांच्या मेंदूचे एमआरआय स्कॅन काढले. सीबीटी घेतलेल्यांमध्ये धोक्याची चाहूल घेणारा अमिग्डाला आणि विचारांना आवर घालणारा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स यांच्यातला दुवा बळकट झालेला दिसला. पुढच्या आठ वर्षांतल्या सुधारणेशीही या बदलाचा संबंध आढळला. पण माणसं एकूण 22च! म्हणूनच या क्षेत्राला तुझ्यासारखी मुलं हवी आहेत.

माझं मत विचारशील तर क्लिनिकल सायकॉलॉजी घे. एखाद्याची खात्री असते की शेजारी भिंतीआडून आपल्याबद्दलच बोलतात. थेरपिस्ट त्याच्याशी वाद घालत नाही. ‘शंभरात किती खात्री आहे?’ असं विचारतो, आणखी काय कारण असू शकेल ते दोघं मिळून पडताळतात. काही आठवड्यांनी शंभराचे ऐंशी होतात. स्कॅनरला फक्त रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक कळतो. त्या ऐंशीमागे काय घडलं, हे थेरपीच्या खोलीत बसलेल्यालाच ठाऊक असतं. चांगला संशोधनप्रश्न तिथेच सुचतो. परवाना मिळाला की रुग्णसेवेचं कामही हाती राहतं, हे घरच्यांना जरूर सांग.

गणिताचं म्हणशील, तर संख्याशास्त्राला मात्र पर्याय नाही. स्कॅनमध्ये हजारो बिंदू तपासले जातात, त्यांतले काही निव्वळ योगायोगानेच ‘बदललेले’ दिसतात. तुलनेचा गट नसेल तर गुण थेरपीचा, औषधाचा की काळाचा, हेही कळणार नाही. आत्तापासून रोज थोडं आर किंवा पायथन (आकडेवारी तपासायला वापरतात त्या संगणकीय भाषा) शिकायला लाग. जेमतेम गणितावरही हे जमतं, चिकाटी हवी.

आणि एक. ज्याला आधीच कुणीतरी पाळत ठेवतंय असं वाटतं, त्याला स्कॅनरच्या अरुंद, कर्कश नळीत निश्चल पडून राहायचं असतं. डोकं दोन-तीन मिलिमीटर हललं तरी चित्र बिघडू शकतं. लॅबमध्ये सहायक म्हणून अर्ज करशील तेव्हा स्कॅनआधी रुग्णाशी बोलून त्याची तयारी करून घेण्याचं काम मागून घे.