गोदामाच्या आत जीपीएस चालत नाही, मग वायरलेस सेन्सर लावून माणूस किंवा वस्तू नेमकी कुठे आहे ते कळतं का?

हो, कळतं, पण किती नेमकं कळेल ते तुम्ही सिग्नलची ताकद मोजताय की त्याला लागलेला वेळ, यावर ठरतं. जागा आधीच माहीत असलेले सेन्सर छतावर किंवा भिंतींवर बसवायचे, वस्तूला छोटा टॅग लावायचा आणि टॅगपासून निदान ३ सेन्सरपर्यंतचं अंतर काढलं की जमिनीवरची जागा मिळते, उंचीपण हवी असेल तर ४ लागतात. साधे ब्लूटूथ टॅग बहुतेक वेळा ताकदीवरून अंतराचा अंदाज करतात, ते स्वस्त पडतं, बॅटरीपण खूप टिकते, पण चूक काही मीटरची होते कारण भिंत, लोखंडी रॅक, एवढंच काय मध्ये उभा असलेला माणूससुद्धा सिग्नल खातो (शरीरात पाणी भरपूर, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी त्यात शोषल्या जातात), मग टॅग जवळ असूनही लांब वाटतो. अल्ट्रा-वाइडबँड (यूडब्ल्यूबी, म्हणजे खूप रुंद पट्ट्यात सिग्नल पाठवणारं रेडिओ तंत्र) मात्र वेळ मोजतं. रेडिओ लहर १ नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटीमीटर जाते, आणि यूडब्ल्यूबीचे पल्स इतके आखूड असतात की थेट आलेला सिग्नल आणि भिंतीवर आपटून आलेला सिग्नल वेगवेगळा ओळखता येतो, म्हणून १० ते ३० सेंटीमीटरपर्यंत नेमकेपणा मिळतो. फक्त हे आकडे टॅग आणि सेन्सरच्या मध्ये काही आडवं नसतानाचे आहेत, उंच रॅकच्या गल्ल्या असतील तर प्रत्येक गल्लीसाठी वेगळे सेन्सर लावा. वस्तू कुठल्या खोलीत आहे एवढंच हवं असेल तर ब्लूटूथ पुरतं, उगाच यूडब्ल्यूबीवर खर्च करू नका.